रात्रीच्या फोटोत हिरवे दिवे, लाँग झूमवर सॉफ्ट फोटो: लेन्सला दोष देण्याआधी पुढचा फिल्टर काढून बघा

गणपती संपले की आठवड्याभरात एक फोटो हमखास येतो, पाठवणारा दरवर्षी वेगळा, फोटो तोच. लक्ष्मी रोडवरची मिरवणूक, वरती रोषणाईची कमान, रथावर झगमगाट, आणि खाली गर्दीच्या काळोख्या डोक्यांवर हिरवट दिव्यांची एक अख्खी माळ तरंगतेय, जी तिथं नव्हतीच. सोबत प्रश्न, "दादा, लेन्स गेली का हो? वॉरंटीत आहे अजून." मग दिवाळी पहाटेला सारसबागेतले दिवे येतात, त्यात पण तेच. आणि हिवाळ्यात भिगवणहून परत आलेली मंडळी म्हणतात की फ्लेमिंगो सॉफ्ट आलेत, म्हणजे धार नाही, फोकस पडूनही कडा दुहेरी दिसतायत, बॉडीत प्रॉब्लेम आहे की लेन्समध्ये. तक्रारी वेगवेगळ्या वाटतात पण बऱ्याच वेळा दोषी एकच असतो, ती लेन्सच्या तोंडावर लावलेली साधी काच, जी दुकानदारानं बॅग, ट्रायपॉड, कार्ड यांच्याबरोबर "यूव्ही फिल्टर पण लावून देतो, लेन्स सेफ राहील" म्हणून तिथंच काउंटरवर बसवून दिलेली असते आणि त्यानंतर ती कधी निघालेलीच नसते.

पहिला उपाय एवढाच, फिल्टर काढा आणि तोच फोटो परत काढा. पण विसर्जन मिरवणूक काही आपल्यासाठी परत निघणार नाही, म्हणून आधी जुन्या फोटोवरूनच ओळखायचं कसं ते सांगतो.

फोटो कॉम्प्युटरवर मोठा करा आणि फ्रेमचा बरोब्बर मध्यबिंदू धरा. आता जो खरा दिवा आहे, समजा वर डावीकडे, त्याच्यापासून मध्यबिंदूतून एक सरळ रेष काढली आणि तेवढंच अंतर पलीकडे गेलात, म्हणजे खाली उजवीकडे, तिथं तुमचा हिरवा दिवा सापडला की समजायचं फिल्टरचं काम आहे. कमान असेल तर खाली तिची उलटी कमान दिसेल, डावीकडचा बल्ब उजवीकडे, वरचा खाली. अक्षरांची रोषणाई असेल तर मंडळाचं नाव चक्क उलटं वाचता येतं. कॅमेरा थोडा डावीकडे वळवला की हा भुताटकीचा दिवा खऱ्या दिव्याच्या उलट दिशेला सरकतो, लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर, हे इतकं स्पष्ट दिसतं की एकदा बघितल्यावर परत कोणाला विचारावं लागत नाही.

असं का होतं? सेन्सर चकचकीत असतो. लेन्समधून आलेला दिव्याचा प्रकाश सेन्सरवर फोकस होतो, त्यातला थोडा तिथून परत मागं फिरतो, ज्या वाटेनं आला त्याच वाटेनं लेन्समधून बाहेर निघतो आणि पुढं त्याला भेटते एक सपाट काच. सपाट काच लेन्सला काटकोनात बसलेली, म्हणजे आरसाच की तो. तिथून तो परत आत येतो आणि लेन्स त्याला पुन्हा फोकस करते, फक्त मध्यबिंदूच्या दुसऱ्या बाजूला. म्हणूनच हे घोस्ट, म्हणजे भुताटकीचे दिवे, धूसर डाग नसतात, चांगले रेखीव, मोजता येतील असे दिवे असतात. लेन्सच्या आतल्या काचा बहुतेक वक्र असतात, सपाट नाही, त्यामुळे त्यांच्यावरून परतलेला प्रकाश पसरून जातो, तो फ्लेअर वेगळा दिसतो, मोठे फिकट गोल किंवा बहुकोनी चट्टे एका रेषेत लागलेले. ते दिसत असतील तर फिल्टर काढून फार फरक पडेलच असं नाही, तिथं अँगल बदला किंवा हाताची सावली धरा.

कोटिंग (प्रकाश परत फिरू न देणारा पातळ लेप) नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण ४ टक्के प्रकाश परत फिरतो, फिल्टरला दोन पृष्ठभाग, म्हणजे ८ टक्के. चांगल्या मल्टिकोटेड फिल्टरमध्ये दोन्ही मिळून १ टक्क्याच्या आत येतं. दिवसा उजेडी या ८ टक्क्यांनी कोणाचं काही बिघडत नाही, फार तर कॉन्ट्रास्ट किंचित कमी. पण काळ्या आकाशापुढं भगभगता एलईडी असतो तेव्हा त्याचा शंभरावा हिस्सासुद्धा काळ्यावर उठून दिसतो. त्यामुळे महागडा फिल्टर घेतला की घोस्ट पूर्ण जातात असं कोणी सांगत असेल तर ते पण खरं नाही, कमी होतात, फिके होतात, पण रात्रीच्या रोषणाईत मी तरी कुठलाच ठेवत नाही. मिरवणुकीला जायच्या आधी घरीच काढून डबीत ठेवा, अलका टॉकीजच्या चौकात ढोलपथकाच्या मध्ये उभं राहून आटे फिरवत बसायची जागा नाही ती. हूड (लेन्सच्या तोंडावरची प्लॅस्टिकची झापड) मात्र लावा, गर्दीत कोपर लागलं तर हूडला लागतं.

जाता जाता, मिरवणुकीतल्या लेझरचं. यूव्ही (अतिनील) फिल्टर लावला की लेझरपासून सेन्सर वाचतो असा एक समज फिरतोय, तो साफ चुकीचा आहे. हिरवा लेझर डोळ्याला दिसतो म्हणजे तो दृश्य प्रकाशच, यूव्ही फिल्टर त्याला अडवतच नाही. थेट किरण लेन्समध्ये शिरला तर सेन्सरवर कायमच्या रेषा पडू शकतात, तिथं कॅमेरा खाली करणे हाच उपाय.

दुसरा प्रकार, दिव्यांना घोस्ट नाहीत पण प्रत्येक दिव्यातून एकाच दिशेला लांब रेघ निघालीये, सगळ्या रेघा समांतर. हा फिल्टरचा दोष नाही, तो टीशर्टनं पुसल्याचा पुरावा आहे. तेलकट बोटाचा ठसा एका दिशेनं घासला की काचेवर बारीक ओळी उमटतात आणि दिव्याची रेघ त्या ओळींना आडवी पडते. ब्लोअर (हवा मारायचा रबरी फुगा) मारा, मग स्वच्छ मायक्रोफायबरवर लेन्स क्लीनरचा एक थेंब, मधून बाहेर गोल गोल. कापडावर थेंब टाकायचा, काचेवर नाही.

तिसरा, वारीतले बॅकलाइट. दिवे घाटात उन्हाच्या दिशेनं पालखीचा फोटो काढला आणि सगळं पांढुरकं, धुतल्यासारखं आलं. इथं घोस्ट नाही, फिल्टरवर बसलेली धूळ उन्हात पेटते. रस्त्याची बारीक माती फिल्टरवर आहे म्हणजे लेन्सवर नाही हे खरं, पण फोटो दोन्हीतूनच जातो, त्यामुळे मध्ये मध्ये ब्लोअर मारत राहायला लागतं.

आता भिगवण. ही तक्रार जास्त चिवट आहे कारण इथं दोषी दोन असतात आणि लोक भलत्यालाच पकडतात. १५०-६०० किंवा २००-५०० सारख्या झूमवर ९५ मिलिमीटर व्यासाचा फिल्टर लागतो, एवढी मोठी काच खरोखर सपाट बनवणं महाग काम आहे, आणि स्वस्तातल्या फिल्टरमध्ये ती तशी नसते. वाइड लेन्सवर तीच काच लावली तर काही कळणार नाही, पण ६०० मिलिमीटरवर तिचा किंचितसा वाकडेपणा पण चित्रात उतरतो: पंखाच्या कडा दुहेरी, मागचा बोके (फोकसबाहेरचा धूसर भाग) ओबडधोबड आणि रेघारेघांचा, ऑटोफोकस कधी पुढे कधी मागे. मग माणूस बॉडीमध्ये फोकसचं ॲडजस्टमेंट करत बसतो, लेन्स सर्व्हिसला टाकतो, तिकडून ती "नो फॉल्ट फाउंड" म्हणून परत येते, अर्थात फिल्टर घरी काढून ठेवलेला असतो ना. परत आल्यावर हा पुन्हा फिल्टर लावतो आणि पुन्हा सॉफ्ट.

दुसरा दोषी म्हणजे भिगवणच्या उजनी धरणाच्या पाण्यावरची हवा. ऊन चढलं की पाण्यालगतची हवा थरथरते आणि लांबचा पक्षी कुठल्याच लेन्सनं शार्प येत नाही, पन्नास हजाराची असो की पाच लाखाची. म्हणून टेस्ट भिगवणला करूच नका. घरी करा, पार्किंगमध्ये करा, सकाळी लवकर. दहा-पंधरा मीटरवर एखादी गाडीची नंबर प्लेट किंवा भिंतीवर चिकटवलेलं वर्तमानपत्र, कॅमेरा ट्रायपॉडवर, स्टॅबिलायझेशन बंद, लाइव्ह व्ह्यू दहा पटीनं मोठा करून मॅन्युअल फोकस, दोन सेकंदांचा टायमर. फिल्टर लावून तीन-चार फोटो, काढून तीन-चार, प्रत्येक वेळी फोकस नव्यानं लावायचा कारण काच काढल्यावर तो जरासा हलतो. झूम पूर्ण टोकाला ठेवा आणि ॲपर्चर पूर्ण उघडं, कारण दोष लपतो तो मधल्या झूमवर आणि एफ११सारख्या लहान ॲपर्चरला. फिल्टर काढल्यावर अक्षरं टचकन उठून आली तर निकाल लागला. दोन्हीत सारखीच सॉफ्ट असतील तर मग खुशाल सर्व्हिस सेंटरला जा.

मोठ्या टेलीवर (लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्सवर) माझं मत सरळ आहे, फिल्टर नको. त्या लेन्सचा हूड वीतभर खोल असतो, त्याच्या आत बोट पण सहज पोचत नाही, तिथं काच लावून वाचवायचं काय?

बरं, यूव्हीचं काय? फिल्मच्या काळात यूव्ही फिल्टरला खरंच अर्थ होता, फिल्मला अतिनील प्रकाश दिसायचा आणि डोंगरातल्या फोटोंवर निळसर झाक यायची. डिजिटल सेन्सरच्या समोर आधीच यूव्ही आणि इन्फ्रारेड अडवणारी काच असते, त्यामुळे आजचा यूव्ही फिल्टर म्हणजे निव्वळ संरक्षक काच. सिंहगडावरून खडकवासल्याच्या दिशेला दिसणारी धुरकट हवा ही बाष्प, धूळ आणि धुराची असते, ती यूव्ही फिल्टरनं जात नाही. म्हणून घ्यायचाच असेल तर क्लिअर प्रोटेक्टर घ्या, स्वस्त यूव्ही फिल्टरमध्ये कधी कधी पिवळट झाक असते, पांढऱ्या कागदावर ठेवला की लगेच दिसते.

मग लावायचाच नाही का? तर तसंही नाही, आणि इथं फिल्टर-विरोधी मंडळींशी माझं पटत नाही, कारण ती बहुधा कधी जेजुरीला सोमवती अमावास्येला कॅमेरा घेऊन गेलेली नसतात. पालखी गडावरून निघते आणि वरून भंडारा उधळला जातो तेव्हा हवा पिवळी होते, श्वास घेतला तरी नाकात हळद, आणि ती पूड लेन्सच्या पुढच्या काचेच्या कडेला, जिथं काच आणि रिंग यांच्यामध्ये केसाएवढी फट असते, तिथं जाऊन बसते. वर घाम, वर बोटं. अशा ठिकाणी दर दहा मिनिटांनी पुसावं लागतं, आणि मी ते फिल्टरवर पुसणं पसंत करतो, सात-आठ वर्षं वापरायच्या लेन्सवर नाही. भंडारा ओल्या कापडानं आधी पुसू नका, लगदा होतो आणि कडेला पसरतो. आधी कॅमेरा खाली तोंड करून ब्लोअर, मग मऊ ब्रश, मग कापड. घरी आल्यावर फिल्टर सरळ काढून नळाखाली धुता येतो, हे लेन्सला नाही करता येत.

कोकणात समुद्राचा खारा तुषार, ताम्हिणीत धबधब्याचे शिंतोडे, धुळवड, बांधकामाची साइट, लहान मुलांचे वाढदिवस (केक!), इथं लावाच. आणि काही लेन्सना तर कंपनीच लावायला सांगते. कॅननची १७-४० एफ४ एल घ्या, तिचं पुढचं भिंग नळीच्या आत मागे-पुढे सरकतं, धूळ आणि पाण्यापासूनचं सीलिंग पुढं फिल्टर लावल्याशिवाय पूर्ण होत नाही असं कॅननच सांगते. पावसात अशी लेन्स उघड्या तोंडानं वापरून मग "वेदर सील्ड होती ना" म्हणून भांडण्यात अर्थ नाही.

पडण्यापासून मात्र फिल्टर वाचवतो हे अर्धवट खरं आहे. फिल्टर फुटला आणि लेन्स वाचली असा फोटो दाखवून लोक सांगतात बघा बघा, पण फिल्टरची काच लेन्सच्या पुढच्या भिंगापेक्षा खूप पातळ असते, जो धक्का फिल्टर फोडतो तो भिंगाला काही करेलच असं नाही. उलट फुटलेल्या फिल्टरचे टोकदार तुकडे भिंगावर घासले तर ओरखडे तिथूनच येतात. रिंग मात्र उपयोगी पडते, धार वाकायची ती फिल्टरची वाकते, लेन्सचे आटे वाचतात. धक्का खरा झेलतो तो हूड, प्लॅस्टिक असल्यामुळे दबतो, निघून पडतो, तुटला तर नवा येतो. फक्त तो सरळ लावलेला पाहिजे. झेड ब्रिजवर संध्याकाळी उभं राहून बघा, निम्म्या लोकांचा हूड लेन्सवर उलटाच असतो, जसा खोक्यातून आला तसा, आणि आत फिल्टर मात्र इमानेइतबारे लावलेला.

पुढच्या भिंगावर एखादा बारीक ओरखडा आलाच तर घाबरू नका, बहुतेक फोटोंत तो दिसतच नाही. वाइड लेन्स, लहान ॲपर्चर आणि समोर ऊन असेल तर कदाचित. मागचं भिंग, माउंटकडचं, ते जपा, तिथला ठसा लगेच दिसतो आणि त्याला कोणी फिल्टर लावत नाही, मागचं झाकण लावायचा कंटाळा पण तिथंच केला जातो.

पावसाळ्यातली एक वेगळी तक्रार, "लेन्सच्या आत धुकं आलंय, पुसलं जात नाही." गाडीत एसी फुल्ल, सिंहगडावर उतरलात, बाहेर ढगच ढग, थंड काचेवर बाष्प जमलं. ते जर फिल्टर आणि भिंग यांच्या मधल्या जागेत जमलं तर बाहेरून कितीही पुसा, जात नाही, आणि लोकांना वाटतं बुरशी आली. फिल्टर काढा, दोन्ही काचा आपापल्या सुकू द्या, फुंकर मारू नका. पोचायच्या वीस मिनिटं आधी एसी बंद करून बॅग गाडीच्या हवेला येऊ दिली तर बाष्प धरतच नाही. घरी आल्यावर पावसाळाभर फिल्टर लावून लेन्स कपाटात कोंडू नका, बुरशी फिल्टरला घाबरत नाही. घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल, आणि छोटा आर्द्रतामापक, ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये काटा.

दुकानात घेताना फिल्टर ट्यूबलाइटखाली तिरका धरा आणि त्यात ट्यूबचं प्रतिबिंब बघा. पांढरं झगझगीत, आरशासारखं दिसलं तर कोटिंग नाही, पाटीवर काहीही लिहिलेलं असो. मल्टिकोटेड काचेत तीच ट्यूब मंद हिरवी किंवा जांभळट दिसते, आणि चांगल्या काचेत तर काच आहे की नुसती रिंग असा प्रश्न पडतो. मग काच हळूहळू फिरवा, ट्यूबची कड वेडीवाकडी लहरत असेल किंवा दोन प्रतिबिंबं एकमेकांपासून लांब सरकत असतील तर काच सपाट नाही, टेलीवर ती नकोच. होयावर एचएमसी, बी प्लस डब्ल्यूवर एमआरसी लिहिलेलं म्हणजे मल्टिकोटिंगच, पण नामांकित नावांच्या नकला मिळतात त्यामुळे अक्षरांपेक्षा ट्यूबवर विश्वास ठेवा. पितळी रिंग ॲल्युमिनियमपेक्षा कमी अडकते, थोडे पैसे जास्त गेले तरी चालेल.

सीपीएल (पोलरायझर फिल्टर) लावताना यूव्ही आधी काढायचा, एकावर एक नाही. १६-२४ मिलिमीटरच्या वाइड लेन्सला कोपरे काळे येतात ते यामुळेच, आणि वर दोन जास्तीचे पृष्ठभाग घोस्ट द्यायला तयार.

शेवटी तो अडकलेला फिल्टर, कारण वाचून काढायला जाल आणि निघणारच नाही. जोरात पकडू नका, गोल रिंग दाबली की अंडाकृती होते आणि आणखी घट्ट बसते, सगळे हमखास इथंच फसतात. रिंगच्या कडेला रुंद रबरबँड गुंडाळा किंवा भांडी घासायचे रबरी हातमोजे घाला, पाचही बोटं सारखी ठेवून अगदी हलका दाब देऊन फिरवा. नाही निघाला तर स्वच्छ हवाई चप्पल उलटी जमिनीवर, तिच्या तळव्यावर लेन्सचं तोंड टेकवून, सगळीकडून सारखा दाब देत लेन्स फिरवायची, रिंग रबराला धरते आणि सुटते. काच फुटलेली असेल तर हे करू नका. प्लॅस्टिकच्या फिल्टर रेंचची जोडी मिळते, ती पण चालते. तेल, डब्ल्यूडी-४० वगैरे आट्यांत सोडू नका, ते आत भिंगावर उतरतं. आणि परत लावताना आधी उलटं फिरवा, आटे टक् करून जागेवर बसल्याचं बोटाला कळतं, मग सुलटं, बोटानं बसेल तेवढंच, वर पाव फेरा सैल. रिंग ठोकली जाऊन आत वळली असेल तर पक्कड घेऊ नका, दुरुस्तीवाल्याकडे लेन्स व्हाइस असतो, त्यानं ती आतून ढकलून गोल करतात, काम दहा मिनिटांचं असतं.